क्लब ना-नफा आहे, बाहेरच्यांकडून फी घेऊन वर्कशॉप चालतं का?

फोकस_गेला:
आमचा फोटोग्राफीचा रजिस्टर्ड क्लब आहे, ना-नफा. आत्तापर्यंत सगळं मेंबरांपुरतंच असायचं, आता कमिटीत टूम निघालीय की बाहेरच्यांसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप आणि जोडीला एक सेमिनार ठेवायचा, फी घेऊन. अर्धे म्हणतात ना-नफा म्हणजे फी घेताच येत नाही, अर्धे म्हणतात घ्या बिनधास्त, कोण विचारतंय. शिकवणारे आमचेच दोन मेंबर, त्यातले एक कमिटीत आहेत आणि त्यांचे स्वतःचे क्लासेसपण आहेत. मानधन द्यायचं का? सर्टिफिकेट देता येतं का?

हिशेबवही:
ना-नफा म्हणजे फुकट नव्हे हो. फी घ्या, पैसे उरले तरी हरकत नाही, फक्त उरलेले मेंबरांत वाटायचे नाहीत, क्लबच्याच कामाला लावायचे. पण आधी घटना काढून उद्देशाचं कलम वाचा. ‘छायाचित्रणकलेचा प्रसार’ असं काही असेल तर प्रश्न नाही, नुसतं ‘सभासदांसाठी’ असेल तर आधी घटनादुरुस्ती.
टॅक्सचं म्हणाल तर मेंबरांनी आपसात वर्गणी काढून आपल्यावरच खर्च केली तर बऱ्याच देशांत ते उत्पन्न धरत नाहीत, बाहेरच्याची फी आली की ती सवलत त्या पैशाला लागत नाही. शिवाय मर्यादा असतात आणि त्या जागोजागी वेगळ्या, म्हणजे अमेरिकेत करमाफी असलेल्या सोशल क्लबला बाहेरून येणारी जमा साधारण ३५ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, भारतात लोकोपयोगी कामासाठी नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने फी घेऊन व्यवसायासारखं काही केलं तर ती जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तुमची नोंदणी नक्की कशाखाली आहे ते बघा, मग सीएकडे जा. वर्कशॉपचं खातं वेगळं ठेवा, पावतीबुक क्लबचंच, कोणाच्या खासगी अकाउंटवर फी घेऊ नका.

बिनपगारी_सेक्रेटरी:
टॅक्सचं निस्तरतं, खरी गोची त्या क्लासवाल्या मेंबरची आहे. मानधन देता येतं बहुतेक ठिकाणी (घटनेत कमिटीवाल्यांना मनाई नसेल तर), पण रक्कम बाहेरच्या माणसाला दिली असती तेवढीच, ठराव लेखी, आणि त्या ठरावाच्या वेळी त्यांनी मत द्यायचं नाही, मीटिंगमधून उठून बाहेर बसलेलं बरं आणि तसं मिनिट्समध्ये लिहा. आमच्याकडे एकदा काय झालं, वर्कशॉप झकास झालं, शेवटी फीडबॅक फॉर्म वाटले, खाली मोबाईल नंबरचा रकाना, आणि संध्याकाळी सगळेच्या सगळे वक्त्याच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर! लोकांनी नंबर क्लबला दिला होता ना, त्यांना नाही. तेव्हापासून फॉर्म क्लबकडेच राहतात आणि स्टेजवरून क्लासची जाहिरात बंद.

नवखा_मेंबर:
आणि सर्टिफिकेट?

बिनपगारी_सेक्रेटरी:
द्या की, पण ‘सहभाग प्रमाणपत्र’ म्हणून. ‘डिप्लोमा’, ‘मान्यताप्राप्त’ असले शब्द जाहिरातीतही नकोत, ते द्यायचा अधिकार क्लबला नसतो. अजून एक, कार्यक्रम रद्द झाला तर फी परत कधी आणि किती ते फॉर्मवरच छापा, नाहीतर लोक कमिटीच्या घरी फोन करत बसतात. अठरा वर्षांखालची मुलं येणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि फोटोग्राफीचं वर्कशॉप म्हटल्यावर एकमेकांचे फोटो निघणारच, ते पेजवर टाकायचे तर त्याचीही वेगळी विचारा.

फोकस_गेला:
घटना काढली आत्ताच. उद्देशात ‘सभासद व इच्छुक नागरिक’ आहे, हुश्श. आता एक कॅमेरा डीलर म्हणतोय सेमिनारचा सगळा खर्च मी करतो, मला शेवटचा अर्धा तास द्या. घ्यायचं का?

हिशेबवही:
घ्या, पण प्रायोजक म्हणून, रक्कम चेकने क्लबच्या नावावर, आणि तो अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रायोजकाचं सादरीकरण’ असा स्पष्ट छापून. ज्याला उठून जायचंय तो जाईल. हजेरीची यादी मागितली तर द्यायची नाही.