जास्वंदीवरचा 'कापूस' आणि त्यात पळणारे पांढरे किडे

गच्चीवाली (कोथरूड): कुंडीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांना, कळ्यांखाली पांढरा कापूस धरलाय. पानं चिकट, खालची काळी पडतायत, खोडावर मुंग्यांची रांग. पाण्याने धुतलं की आठवड्यात परत तेच. त्यात काही मोठे पांढरे किडे भराभरा पळतात. कडुनिंबाचं तेल किती घेऊ?

पानामागे: तेलाचं नंतर बघू, आधी ते पळणारे किडे मारू नका! तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, झाडाचा रस पिणारी कीड. तो ३-४ मिमीचा, डिवचला तरी जेमतेम हलतो. पळणारा सेंटिमीटरभर लांब आणि अंगावर मेणाचे विस्कटलेले झुपके असले, तर ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी. ढेकणांची अंडी-पिल्लं हेच तिचं खाणं. तिचाच पुढे भुंगा होतो: काळपट, डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियातला, १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणलेला.

खरी अडचण मुंग्यांची. झाडाच्या रसात साखर भरपूर, अमिनो आम्लं कमी. म्हणून ढेकूण पोटभर रस ओढतो आणि जास्तीची साखर मागून सोडतो. तोच चिकटा; काळी बुरशी त्यावरच वाढते. त्या गोडासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात. अळीला तिचा मेणाचा वेश थोडाफार वाचवतो, भुंग्यांना मात्र त्या हुसकावतात. कुंडी स्टँडवर ठेवा, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण, आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास. एक फांदी जरी कठड्याला टेकली तरी मुंग्यांना पूल मिळाला.

गच्चीवाली: मुंग्यांची पावडर खोडाशी टाकली तर?

पानामागे: नको. झाडावर उडाली की ढालकिडेही जातात.

कुंडीवैद्य: तेल लिटरला ५ मिली, पातळ साबण २ मिली. आधी हे दोन्ही घोटून एकजीव करा, मग पाणी घाला. वर तवंग दिसला तर ते फवारू नका, पानं करपतात. ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून फवारा. मोठ्या ढेकणांवरून मेणामुळे फवारा घरंगळतो. मरतात ती नुकती फुटलेली पिल्लं. म्हणून ७ दिवसांनी परत. गच्च भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, पण त्याआधी अळ्या मऊ ब्रशने दुसऱ्या फांदीवर सोडा. आणि ती फांदी फवारणीतून वगळा.

गच्चीवाली: मोजल्या. एकाच कळीखाली चार अळ्या. तेल राहू दे, वाट्या लावते.