जुन्या प्रेमपटांचे शब्द आणि त्यांचं वय

जुने इंग्रजी प्रेमपट पाहून इंग्रजी शिकायचं तर मराठी सबटायटल लावून रोज 30 शब्द वहीत उतरवा, असा एक सल्ला दिला जातो. शब्द उतरवणं ठीक, पण मराठी सबटायटल नको. डोळा आयता अर्थ वाचतो आणि कान झोपतो. इंग्रजी सबटायटलही आंधळेपणाने घेऊ नका, जागा वाचवायला त्यात वाक्यं बरेचदा छाटलेली असतात. तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या: आधी नुसता ऐका, मग इंग्रजी सबटायटलसह पाहा, मग थांबवत थांबवत मोठ्याने म्हणा. शब्द सहा-सातच, तेही अख्ख्या वाक्यासकट. नुसता आवाज फोनवर घेतला तर ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात प्रसंग सात-आठ वेळा ऐकून होतो.

त्या सल्ल्यात नसलेला मुद्दा म्हणजे शब्दांचं वय. 1930-40च्या चित्रपटांत ‘मेक लव्ह’ म्हणजे बहुतेकदा नुसतं लाडीगोडीचं, प्रेमाचं बोलणं आणि ‘गे’ म्हणजे आनंदी. आज पहिल्याचा अर्थ शरीरसंबंध आणि दुसऱ्याचा समलिंगी, त्यामुळे ऑफिसात जुन्या अर्थाने वापरलेत तर पंचाईत! ‘स्वेल’ (मस्त), ‘ऑफुली’ (फार) वगैरेंनी माणूस नाटकी वाटतो. म्हणून प्रत्येक शब्द ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत बघा, शेजारी ‘ओल्ड-फॅशन्ड’ असेल तर समजण्यापुरता ठेवा. उलट ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्ये (1945) स्टेशनवर नायिकेच्या डोळ्यात कण जातो आणि डॉक्टर तो काढतो. तो कण म्हणजे ‘ग्रिट’. हा शब्द आजही तसाच चालतो, शिवाय चिकाटी या अर्थानेही.