निलगिरी निम्मी छाटण्याआधी

नेरुळच्या बागेतली निलगिरी वायरींना टेकलीय, निम्मी छाटली तर जगेल का, असं ताईंनी विचारलंय. जगेल. निलगिरीच्या सालीखाली सुप्त डोळे, म्हणजे झोपलेले अंकुर असतात, छाटलं की ते फुटतात. आमच्या कळव्याच्या झाडाला छाटणीनंतर खोडभर लालसर, गोल पानांचे धुमारे फुटले होते. खरी काळजी त्यापुढची. हे धुमारे खोडाला वरवरच धरून असतात, पावसाळी वाऱ्यात सालीसकट निघून येतात. म्हणून दोन-तीन दणकट ठेवून बाकीचे कोवळे असतानाच खुडा. छाटणी फेब्रुवारीत करा, भर पावसात नको. आणि कृपा करून आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. १९७५ चा झाडांचा कायदा खाजगी आवारालाही लागू आहे. वायरीजवळची फांदी वीज बंद केल्याशिवाय कुणालाही तोडू देऊ नका.