'वानवळा' म्हणजे फुकटचा माल?

मांजराकाठ
पुतणी लातूरला कॉलेजात असते आणि रील करते. साडी, मेंदी, येळवशीला शेतातली भज्जी-आंबील, असलं. अकरा हजार फॉलोअर आहेत म्हणे. परवा एका कंपनीनं तिला तोंडाला लावायच्या क्रीमच्या तीन ट्यूबा पाठवल्या. पैसे नाहीत, माल ठेवून घ्या आणि व्हिडिओ करा. आता वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं पडद्यावर लिहावं लागतं. व्हिडिओ मराठी, म्हणून लेबलही मराठी पाहिजे, असा कंपनीतल्या बाईंचा आग्रह. पुतणी म्हणाली, काका, एकच शब्द सांगा, जागा कमी आहे. मी डोळे झाकून सांगितलं, वानवळा.

तिकडून उत्तर आलं, "हा शब्द मराठीत आढळत नाही, कृपया मराठी शब्द द्यावा."

माझी आई शेतातला पहिला हरभरा आला की गल्लीत सात घरी वानवळा पाठवायची. साठ वर्षं कानावर असलेला शब्द मराठीत नाही, हे मला लातुरात बसून कळलं. तर दोन गोष्टी विचारायच्यात. तुमच्याकडं हा शब्द आहे का? आणि कंपनीच्या मालाला तो लावणं बरोबर की मी घाई केली?

काळी माती
आहे का म्हणजे! आमच्या परभणीकडं वानोळा. भुईमुगाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, हुरडा, ढाळे, रानातली बोरं. विकायला नेण्याच्या आधी शेजारी, भावकी, मास्तर, सगळ्यांना थोडं थोडं. हा अस्सल मराठवाड्याचा शब्द आहे, त्यांना कुठून माहीत असणार.

पेठेतला पाहुणा
दादा, जरा थांबा. माझं आजोळ नांदेड, सासर सातारा. साताऱ्यातही वानवळा सर्रास चालतो. सासूबाई घेवड्याचा पाठवतात. जो शब्द आपल्या आईच्या तोंडी ऐकला तो आपल्याच जिल्ह्याचा, हा समज सोडायला हवा. कंपनीतल्या बाईंना तो माहीत नसेल तर त्याचं कारण पुणे-मुंबई नाही, शेत नसणं हे आहे.

निवृत्त हेडमास्तर
शब्द निःसंशय मराठी आहे. व्युत्पत्ती सरळ आहे: 'वाण'. संक्रांतीला सुवासिनी लुटतात ते वाण. त्याचाच विस्तार वानवळा.

मात्र प्रस्तुत संदर्भात तो अयोग्य. 'विनामूल्य प्राप्त' असे लिहावे. अर्थ निःसंदिग्ध, भाषा निर्दोष.

औंढ्याची लेक
गुरुजी, संक्रांतीचं वाण बाणातल्या णाचं, वानवळा नळातल्या नाचा. आता आमच्याकडं पाणीसुद्धा 'पानी' होतं, म्हणून मी फार ताणत नाही. पण 'विनामूल्य' म्हणजे मूल्य नसलेलं. त्या ट्यूबा लावून बघितल्यावर कदाचित पटेलही.

देवगिरी
वाण नाही, वानगी. वानगी म्हणजे नमुना. 'वानगीदाखल' म्हणतो तो हाच. हिंदीत बानगी. शब्द जिवंत आहे, पण बिचारा आता फक्त 'दाखल'च्या शेपटीला लोंबकळतोय, एकटा कुणी वापरत नाही. माझ्या मते वानवळा म्हणजे यंदाचं पीक कसं आलंय त्याची शेजाऱ्याला दाखवलेली वानगी. खा, बघा, यंदा दाणा कसा भरलाय. असं असेल तर मांजराकाठ यांनी घाई केली नाही. कंपनी तरी दुसरं काय करते? नमुनाच पाठवते.

काळी माती
हे पटलं नाही. शेजारीण हुरडा खाऊन गल्लीभर दवंडी पिटत नाही. वानोळ्यात परतफेडीची अपेक्षा नसते.

औंढ्याची लेक
नसते कशी? वानवळ्याचा डबा तुम्ही रिकामा परत करता का? आमच्या आईनं कधी केला नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून पाठवायची. मी लहानपणी एकदा धुऊन पुसून रिकामाच डबा नेऊन दिला, स्वच्छ दिला म्हणून शाबासकीची वाट बघत होते. जे बोलणं खाल्लंय ते अजून आठवतं.

काळी माती
ती रीत झाली, करार नाही.

आकडेमोड
करारावरून आठवलं. मी जालन्यात हिशेबाची कामं करतो, सध्या असली पोरं-पोरी वरचेवर येतात, म्हणून नियम सांगून ठेवतो. जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेनं, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं, इन्फ्लुएन्सर लोकांसाठी लेबलाची अट १४ जून २०२१ पासून लावली. पैसे नसले, नुसती वस्तू मिळाली, तरी ती लागू. लेबल इंग्रजीत किंवा व्हिडिओच्या भाषेत, पण बघणाऱ्या सामान्य माणसाला कळलं पाहिजे. प्रोफाइलमध्ये एकदा लिहून ठेवलं, सुटलो, असं चालत नाही. व्हिडिओ पंधरा सेकंदांच्या आतला असेल तर लेबल निदान तीन सेकंद दिसलं पाहिजे, त्याहून मोठा आणि दोन मिनिटांच्या आतला असेल तर एक तृतीयांश वेळ. म्हणजे पंचेचाळीस सेकंदांच्या रीलवर तुमचा वानवळा पंधरा सेकंद झळकणार. त्यात अमरावती ते कोल्हापूर सगळ्यांना तो कळेल का, एवढंच बघा.

दुसरं, २०२२ च्या १ जुलैपासून अशा वस्तूंवर टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानं आधीच कापून भरायचा कर, तोही आला. एकाच देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेलं की १० टक्के. मोबाइल दाखवून परत केला तर धरत नाहीत, ठेवून घेतला तर धरतात. तीन ट्यूबांना घाबरायचं कारण नाही.

मांजराकाठ
म्हणजे सरकारच्या लेखी ठेवून घेतलेली वस्तू ही कमाई. मग 'भेट' हा शब्दही गेला. बाईंनी पर्याय म्हणून तोच सुचवलाय, भेटवस्तू.

आकडेमोड
कौन्सिलच्या मान्य लेबलांमध्ये 'फ्री गिफ्ट' आहेच.

पेठेतला पाहुणा
फ्री गिफ्ट! गिफ्ट काय विकतचं पण असतं का?

देवगिरी
असतं. आहेर. मला तर हाच शब्द नेमका वाटतो. आमच्याकडं लग्नात आहेराची वही असायची, आजोबा कंदिलाखाली बसून लिहायचे. अमक्यानं पाच रुपये, तमक्यानं तांब्या. पुढं त्यांच्या घरच्या लग्नात वही काढून बघायची आणि तेवढंच किंवा सव्वापट करायचं. देणं आहे, घेणं आहे, नोंद आहे, वर प्रेमही आहे असं समजायचं. स्टीलच्या टोपावर 'सप्रेम भेट' कोरलेलं असायचं, ते म्हणजे त्या काळचं लेबलच की. तेही आयुष्यभर दिसायचं, एक तृतीयांश वेळ नाही.

औंढ्याची लेक
आणि पोरीनं क्रीम वाईट आहे असं सांगितलं तर घरचा आहेर!

ढाब्यावरचा
मी औसा रोडला ढाबा चालवतो. मला कुणी शब्द विचारला नाही तरी सांगतो. मागच्या महिन्यात दोन पोरं आली. शेवभाजी, दोन अंडाकरी, भाकरी, दही, वरून दोन ताक. बिल मागितलं तर एक जण म्हणतोय, "मालक, कोलॅब करू." मला वाटलं त्याचं नाव सांगायलाय. मग म्हणाला माझे पाच हजार फॉलोअर आहेत, तुमचा व्हिडिओ टाकतो, जेवण तेवढं आपल्याकडून. जेवून झाल्यावर कोलॅब! आधी विचारलं असतं तर मी विचार तरी केला असता.

भांडण नको म्हणून उधारीच्या वहीत लिहून ठेवलं, कोलॅब ३४०. रात्री वडिलांनी हिशेब बघितला, ऐंशीच्या पुढचं वय, चष्म्याचा नंबर वाढलाय. म्हणाले, "हे कुलाब्याचं गिऱ्हाईक कोण आणि ते परत कधी येणार?" व्हिडिओ अजून आला नाही. आमच्याकडं याला फुकट्या म्हणतात, दुसरा शब्द लागत नाही.

पेठेतला पाहुणा
कुलाब्याचं गिऱ्हाईक! हाच शब्द रूढ करा. लेबलावर मावेल.

मांजराकाठ
ढाबावाले भाऊ, पुतणीनं मागितलेलं नाही, त्यांनी आपणहून पाठवलंय. फुकट्या हा मागणारा. तिला तो लावू नका.

ढाब्यावरचा
तिला नाही म्हणलं काका. राग नसावा. इकडं आली तर जेवायला घेऊन या, पैसे घेणार नाही. व्हिडिओ पण नको.

देवगिरी
हे वाक्य कोशात घालण्यासारखं आहे.

'फुकट' आणि 'मोफत' यातला फरक कुणी बघितलाय का? सरकार पाठ्यपुस्तकं मोफत देतं, रेशनवर धान्य मोफत मिळतं. तेच घेऊन येणाऱ्याला शेजारी म्हणतो, फुकटचं खातोय. मोफत हे देणाऱ्याचं कौतुक, फुकट ही घेणाऱ्याला शिवी. वस्तू तीच. मोफत फारसीतून आलेला, दरबारी कपडे घातलेला. फुकट मात्र मातीतला. माझा अंदाज, फुंक मारली की उडून जातं ते फुकट.

निवृत्त हेडमास्तर
फुंक आणि फुकट यांचा संबंध लावणे म्हणजे कानाला गोड लागले म्हणून सोयरीक जुळवणे. 'फोक', 'पोकळ' या अंगाने शोध घ्यावा.

आणि मूळ रोगाकडे कुणी पाहत नाही. प्रश्न वस्तूचा नाही, लक्षलोलुपतेचा आहे. ज्याला त्याला आपल्याकडे पाहिले जावे असे वाटते. या वृत्तीला मराठीत शब्द हवा. मी 'अवधानयाचना' सुचवतो.

औंढ्याची लेक
गुरुजी, हा शब्द रीलवर टाकला तर वाचेपर्यंत रील संपेल.

शब्द हवाय कशाला, ढिगानं आहेत. मिरवणं, चमकोगिरी, टेंभा मिरवणं, शाइन मारणं, भाव खाणं. कॉलेजातली पोरं 'फुटेज खाणं' म्हणतात, तो तर मला फार आवडतो. कॅमेऱ्याची फीत सगळ्यांच्या वाटणीची, हा एकटाच खाऊन बसला. बघा, मराठीत माणूस काय काय खातो. पैसे खातो, डोकं खातो, हवा खातो, मार खातो, बोलणी खातो. मग फुटेज का नाही? शब्द इंग्रजी, क्रियापद आपलं, म्हणजे लग्न लागून घरात आलेली सून. तिला परकी म्हणू नका.

निवृत्त हेडमास्तर
सून आली म्हणून मुलींना घराबाहेर काढायचे नसते. 'मिरवणे' असताना 'फुटेज' कशाला?

काळी माती
कारण मिरवणं वाईट नाही गुरुजी. नवरदेव मिरवतो, पालखी मिरवते, पोळ्याला बैल मिरवतात. आमच्या गावात बैलाची शिंगं रंगवून, झूल घालून वेशीतून नेताना मालकच जास्त मिरवायला असतो. कुणी त्याला लक्षलोलुप म्हणत नाही. वर्षातून एक दिवस सगळ्यांना मिरवायचा हक्क होता. आता रोज पोळा आहे, एवढाच फरक.

पेठेतला पाहुणा
याचनेवरून सुचलं, लाइकचा जोगवा. 'जोगवा मागणे' चांगलं चपखल बसेल.

काळी माती
नाही बसत. माझी आजी तुळजापूरची आराधी होती. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन पाच घरं मागायची. आमच्याकडं चार एकर काळी जमीन होती, धान्याला तोटा नव्हता. 'मी'पण जावं म्हणून मागायची. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय ते 'मी' मोठा व्हावा म्हणून मागतात. बरोबर उलटं. ही उपमा मागं घ्या.

पेठेतला पाहुणा
घेतली. दुखवायचा हेतू नव्हता. निवडणुकीत 'मतांचा जोगवा' सतत वाचतो, त्यामुळं त्या शब्दाची धार लक्षात राहिली नाही.

काळी माती
तोही वाचला की मला असंच होतं.

देवगिरी
तमाशातली दौलतजादा बघा. बाई गाते, प्रेक्षक नोट दाखवतो, बाई त्याचं नाव घेऊन गाते. सगळ्या तंबूत त्याचं नाव. नोट देणारा लक्ष विकत घेतो, गाणारी ते विकते. कंपनी, क्रीम आणि रील हे अगदी तेच. फक्त नोटेच्या जागी ट्यूब.

मांजराकाठ
देवगिरी, माझ्या पुतणीच्या व्हिडिओवर मी 'दौलतजादा' लिहू का? तिचा बाप माझ्याकडं काठी घेऊन येईल.

देवगिरी
माफ करा, भरात लिहिलं. मग नजराणा? निजामाच्या दरबारात जाणारा अशर्फी नजर करायचा. खालचा वरच्याला देतो तो नजराणा. म्हणजे पोरगी हुजूर आणि कंपनी रयत. तिचा बापही खूश.

आकडेमोड
हुजुरांना टीडीएस लागत नसे.

मांजराकाठ
असो. काल रात्री व्हिडिओ गेला. लेबल शेवटी 'जाहिरात: वस्तू मोफत मिळाली' असं टाकलं. पुतणी म्हणाली, काका, तुमच्या शब्दाला वेळ लागेल, माझा व्हिडिओ आजच जायचाय. बाईंनी काही न बोलता मंजूर केलं.

तीनपैकी एक ट्यूब माझ्या आईनं परस्पर शेजारच्या वहिनींना देऊन टाकली. मी विचारलं, कुठं गेली? तर म्हणे, वानवळा दिला.

औंढ्याची लेक
परत काय आलं?

मांजराकाठ
वाटीभर शेंगदाण्याची चटणी.

आकडेमोड
किंमत २०,००० च्या आत धरतो.

निवृत्त हेडमास्तर
मूळ लेखनात 'ट्यूबा' असे रूप आले आहे. नंतर सर्वांनीच ते विनातक्रार उचलले. 'ट्यूब' स्त्रीलिंगी मानल्यास अनेकवचन 'ट्यूबा' की 'ट्यूब्ज'? की 'ट्यूब'च?

काळी माती
नळ्या म्हणा की गुरुजी.

ढाब्यावरचा
नळ्या म्हणलं की आमच्याकडं मटणाच्या.