'ॲनॉमली'ला मराठीत काय म्हणावे? विसंगती, आगळे की आणखी काही?

प्रश्न: सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये (जिथे प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात) मशीन लर्निंग वापरून नवी भौतिकी कशी शोधतात, यावर मराठीत लिहितो आहे. त्यात 'ॲनॉमली डिटेक्शन', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे काही हुडकणे, पावलोपावली येते. आजवर मी सरळ 'विसंगती शोधणे' लिहीत आलो. परवा एका वाक्यापाशी अडलो: 'यंत्राने ही टक्कर विसंगत ठरवली.' कशाशी विसंगत? विसंगतीला दोन बाजू लागतात. साक्षीदाराच्या दोन जबान्यांत विसंगती असते. म्यूऑन या कणाच्या चुंबकत्वाचे गणित एक आकडा देत होते आणि मोजमाप दुसरा, हा वाद अनेक वर्षे चालला. तिथे 'विसंगती' चपखल बसते.

इथे मात्र यंत्राला सिद्धांत ठाऊकच नसतो. ऑटोएन्कोडर हा मशीन लर्निंगचा एक प्रकार टकरीतून निघालेल्या कणांच्या ऊर्जा आणि दिशा मोजक्या आकड्यांत दाबून बसवतो आणि त्या आकड्यांवरून मूळ चित्र पुन्हा उभे करतो. नेहमीच्या टकरींवर तो शिकलेला, म्हणून त्या त्याला जमतात. कधी न पाहिलेली टक्कर आली की नक्कल बिघडते. जितकी बिघडेल तितका तिचा गुणांक मोठा. याला काय म्हणाल?

प्रतिसाद: मूळ ग्रीक 'अनोमालोस' म्हणजे सपाट नसलेले, उंचसखल. आपल्याकडे त्याचे जुळे भावंड तयारच आहे: विषम. पण मराठीत विषम म्हटले की आधी सम-विषम संख्या आठवतात, आणि 'वैषम्य' आपण दुसऱ्याचे बरे पाहून वाटून घेतो. म्हणजे तो शब्द गेलाच. (ग्रहगणितात ज्या कोनाला ॲनॉमली म्हणतात त्याला आपले ज्योतिर्गणित 'मंदकेंद्र' म्हणते. इथे त्याचा उपयोग नाही, पण आठवले म्हणून सांगितले.) मी 'आगळे' सुचवेन. जुन्या मराठीत आगळा म्हणजे अधिक, वरचढ. आलेखावर अपेक्षेपेक्षा जास्त घटना दिसल्या की तेच तर म्हणायचे असते.

प्रतिसाद: 'आगळे' गोड आहे, पण त्याला लागून 'आगळीक' येते, आणि ती तर चूक! शिवाय आधिक्य हे घोळक्याचे असते. 2012 साली हिग्ज हा कण सापडला तो फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोड्यांच्या आलेखावर 125 जीईव्हीजवळ (जीईव्ही हे ऊर्जेचे एकक) आलेल्या उंचवट्यातून (आणि इतर खुणांतून). त्यातल्या कुठल्याही एका टकरीकडे बोट दाखवून 'हाच हिग्ज' म्हणता येत नाही. डिसेंबर 2015 मध्ये 750 जीईव्हीजवळ ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना उंचवटा दिसला होता. ऑगस्ट 2016 पर्यंत अधिक माहिती जमली आणि तो विरून गेला. अशा जागी 'उंचवटा' किंवा 'आधिक्य' हेच शब्द ठेवा. एकेकट्या टकरीसाठी वेगळा शब्द हवा.

प्रश्नकर्ता: हा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता, मनापासून आभार. आता मी एकेकट्या टकरीला 'अनोळखी' म्हणणार आहे. यंत्र खरोखर तेवढेच सांगते: हिची माझी ओळख नाही. ती नव्या कणाची असेल, नाहीतर शोधकाचा (कण टिपणाऱ्या उपकरणाचा) एखादा भाग बिघडून उमटलेला खोटा ठसा असेल. 'विसंगत' म्हटले की वाचकाला वाटते सिद्धांत खोटा पडला. मला ते फार खटकते, कारण या कामात सर्वाधिक मेहनत त्यानंतरच्या पडताळणीत जाते.

आणि हे यंत्र आता ट्रिगरमध्येही, म्हणजे कुठल्या टकरींची नोंद ठेवायची ते तत्काळ निवडणाऱ्या यंत्रणेतही, बसले आहे. सीएमएसमध्ये सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात. काय ठेवायचे ते तिथेच ठरते, टाकून दिलेले परत मिळत नाही. म्हणून वाक्य असे केले: 'ट्रिगरला अनोळखी वाटलेली टक्कर जपून ठेवली गेली.'

एक अडचण उरते: 'ॲनॉमली स्कोअर'. 'अनोळखीपणाचा गुणांक' जिभेला जड जातो. 'परकेपणा' चालेल का?