संस्थांना मनपाचा पैसा: द्यावा का, आणि द्यायचा तर कोणाच्या सहीने?

खामलेकर (धागाकर्ता)

मार्च 2022 मध्ये आपल्या नागपूर मनपाच्या सभागृहाची मुदत संपली. मग प्रशासक आले आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत तेच होते. एवढ्या काळात मंडळांना नगरसेवकाशिवाय जगायची सवय झाली असेल असं मला वाटलं होतं. कसचं काय! 151 जण निवडून आले आणि आठवडाभरात आमच्याकडच्या नव्या नगरसेवकाच्या घरासमोर चपलांचा ढीग. व्यायामशाळा, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, अभ्यासिका, क्रिकेटवाली पोरं. प्रत्येकाच्या हातात लेटरहेड आणि तोंडी एकच वाक्य, "भाऊ, आमचं काही तरी बसवा."

मला या "बसवा"वरच बोलायचं आहे, आणि मग मनपाला निवेदनही द्यायचं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 63 मध्ये करायलाच हवीत अशी कामं आहेत: पाणी, गटार, दिवे, कचरा. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं आहेत. संस्थांना मदत करणं हे या दुसऱ्या खात्यातलं. पण ऐच्छिक म्हणजे मर्जीतल्यांना, असं कुठं लिहिलंय?

माझं म्हणणं साधं आहे. दहाही झोनला एप्रिलमध्येच ठरावीक रक्कम जाहीर करा. एका पानाचा अर्ज ठेवा. गुण कशाला किती ते आधीच सांगा, आणि कोणाला किती मिळाले ती यादी झोन ऑफिसच्या भिंतीवर लावा. अर्धे पैसे आधी, अर्धे काम पाहिल्यावर. सलग दोन वर्षं घेतलेल्याने तिसऱ्या वर्षी थांबावं. शिफारसपत्राला शून्य गुण. बोला.

इतवारीवाला

बोलतो. एक रुपयाही देऊ नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवतात ना, त्यातली काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. इंग्रज गेले, सीपी अँड बेरार गेलं, राजधानी गेली, मारबत निघूनच राहिली. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली, बांबू आणले, कागद चिकटवले, झालं. ज्याला लोकांनी पैसे द्यावेसे वाटतात ते चालते. ज्याला वाटत नाही ते अनुदान मागते.

कलम 63 चं तुम्हीच सांगितलं ना भाऊ? आधी ते तर करा. आमच्या गल्लीत पावसाळ्यात चेंबरचं झाकण कोणतं आणि खड्डा कोणता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागते. गुणांचा तक्ता घेऊन काय करू, झाकणावर ठेवू?

खामलेकर

इतवारीवाला, वर्गणीचं मान्य. पण 23 सप्टेंबर 2023 आठवा. रात्रीतून अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटपर्यंत घराघरांत शिरलं. माझी मावशी तिथेच राहते. फ्रिज आडवा होऊन हॉलमध्ये तरंगत होता. सकाळी चिखल उपसायला आधी कोण आलं? शेजारच्या वस्तीतल्या मंडळाची पोरं, घमेली घेऊन. ती घमेली गणपतीच्या मांडवाची होती. मंडळ वर्षभर जिवंत राहिलं तरच अशा दिवशी माणसं मिळतात. त्याची काही तरी किंमत मनपाने धरायला नको का?

इतवारीवाला

त्या पोरांनी अर्ज भरला होता का? नाही ना. मग अनुदानाचा त्याच्याशी काय संबंध?

खतावणी

मी पंचवीस वर्षं विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासतो, म्हणून दोन शब्द.

खामलेकरांचा एका पानाचा अर्ज ऐकायला छान आहे. पण त्याला जोडायचं काय? नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, अनुसूची एकचा उतारा (म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद), पॅन, बँकेचं पासबुक, केंद्राच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक. एक पान वर, साठ पानं खाली. आता गंमत पाहा. जुन्या मंडळांपैकी निम्म्यांचे बदल अहवालच, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, दाखल नसतात. माझ्याकडे एका आखाड्याची फाईल आहे. त्यांच्या अनुसूची एकवर सात विश्वस्त आहेत आणि त्यातल्या तिघांच्या तेराव्याला मी जेवून आलोय. आखाडा मात्र रोज पहाटे पाचला उघडतो, चाळीस पोरं येतात. तुमच्या तक्त्यात याला शून्य.

आणि ज्यांना पूर्ण गुण मिळतील त्यांना मी ओळखतो, कारण त्यांचे अर्ज माझ्यासारखेच कोणी तरी लिहितात. कागद चोख, फोटो रंगीत, बॅनरवर कार्यक्रमाची तारीख मोठ्या अक्षरात. खुर्च्यांवर तीच वीस माणसं, फक्त शर्ट बदललेले.

एक गोष्ट मात्र खामलेकरांची बरोबर आहे, रक्कम आधी ठरवण्याची. दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाचे 5 टक्के बाजूला ठेवायचे असा नियम आहे. टक्का एकदा ठरला की तो खाली ओढायला सर्वांसमोर बोलावं लागतं. टक्का नसला की मार्चअखेर जे उरेल ते, आणि मार्चअखेर काय उरतं ते सर्वांना ठाऊक आहे.

कोथरूड रिटर्न

मी सहा वर्षं पुण्यात काढून परत आलो. तिथं 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायची पद्धत आहे. आपण फॉर्म भरायचा: इथं बाक हवा, इथं पदपथ नीट करा. संस्थेला पैसा नाही, जागेवर वस्तू. आपल्याकडेही तसंच करा. पैसा हातात द्यायचाच कशाला?

वाचनालय चालवतो

कारण बाकाला विजेचं बिल येत नाही. आमच्या अभ्यासिकेला येतं. खुर्च्या देणारे पुष्कळ भेटतात, त्यावर नाव रंगवता येतं ना. ट्यूबलाइट जळते त्या प्रकाशावर कोणाचं नाव रंगवणार?

पारडीची ताई

नमस्कार. मी जास्त शिकेल नाही, पोरगी टाईप करून देऊन राहिली. चुकलं तं माफ करजा.

तुमी सगळे अर्जावर भांडून राहिले. आमच्या बचत गटाले 2019 मधी फिरता निधी भेटला, दहा हजार. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून. आमाले कोनी प्रस्ताव नाही मागितला. पंचसूत्री पाह्यली फक्त. बैठक वेळेवर होते का, बचत होते का, आतल्या आत कर्ज देता का, परतफेड होते का, आनि रजिस्टर लिहिता का. बाई आली, आमच्या बैठकीत बसली, रजिस्टर उघडलं, अंगठे पाह्यले, गेली. पैसे खात्यात.

म्हनजे काय करनार ते नाही इचारलं, काय करून राहिले ते पाह्यलं. तुमच्या आखाड्याचंही तसंच करा ना जी. पहाटे पाचले जाऊन पाहा म्हना चाळीस पोरं हाये का.

खतावणी

ताई, या धाग्यावरचं सर्वांत कामाचं वाक्य तुमचं. मला पंचवीस वर्षांत सुचलं नाही.

वाचनालय चालवतो

थांबा, एवढ्यात हार घालू नका. रजिस्टरवर मिळणारं अनुदान मी आतून पाहिलंय.

सार्वजनिक ग्रंथालयांचा राज्याचा कायदा 1967 चा. अ, ब, क, ड असे वर्ग. पुस्तकं किती, वाचक किती, नियतकालिकं किती, यावरून वर्ग आणि वर्गावरून अनुदान. कोणाची शिफारस लागत नाही. कागदावर यापेक्षा न्यायाची पद्धत नाही. आता प्रत्यक्षात काय होतं? एका वाचनालयात (आमचं नव्हे, पण फार लांबचंही नव्हे) तपासणीच्या आदल्या रात्री मी चहाला गेलो होतो. तिघं जण बसून देवघेव नोंदवही लिहीत होते. एक जण नावं सांगतोय, दुसरा पुस्तकं, तिसरा लिहितोय. मध्येच त्याला कोणी तरी म्हणालं, "अरे पेन बदल, चार महिने एकाच शाईत दिसताहेत." पेन बदललं. दुसऱ्या दिवशी शेरा आला, नोंदी समाधानकारक.

त्या गावाने काय वाचलं ते देव जाणे. तेव्हा ताई, काम पाहा म्हणणं सोपं आहे. पाहणारा वर्षातून एकदा, तोही कळवून येतो.

पारडीची ताई

भाऊ तुमी म्हनता ते होत असन. पन आमच्या रजिस्टरात खोटं लिहिलं तं दहा बाया बोंबलतील. काऊन, तं पैसा त्यायचाच हाये. माया शंभर रुपये जमा नाही दाखवले तं मी काय चूप बसन? तुमच्या वाचनालयात नाव कोनाचं लिहिलं त्याले मालूमच नाही आपलं नाव लिहिलं म्हनून. हा फरक हाये.

खामलेकर

मी माझा प्रस्ताव बदलतो. गुणांचा तक्ता फाडला.

ताईंचं आणि इतवारीवाल्यांचं एकत्र करू. मंडळाने वर्गणी गोळा करायची, पावती फाडायची, आणि जेवढी वर्गणी तेवढीच भर मनपाने घालायची, वर एक मर्यादा ठेवून. उत्सवाच्या वर्गणीला धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क ची परवानगी घ्यावीच लागते, हिशेबही द्यावा लागतो. म्हणजे पद्धत तयारच आहे. पहाटेच्या आखाड्याला पालकांनी पन्नास पन्नास रुपये दिले असतील तर ती पावती माझ्या दहा निकषांपेक्षा भारी.

इतवारीवाला

वा. म्हणजे रामदासपेठेत एक डॉक्टर एका सहीत पन्नास हजार देईल, मनपा वर पन्नास हजार ठेवेल. आणि पारडीत शंभर घरं फिरून दोन हजार जमतील, त्यांना दोन हजार. ज्याच्या घरी तर्री त्यालाच पोहे. यापेक्षा तुमचा आधीचा तक्ता बरा होता, त्यात निदान लबाडी तरी करता येत होती.

खतावणी

रुपये नका मोजू, पावत्या मोजा. शंभर घरांच्या शंभर पावत्या असतील तर शंभराची भर, डॉक्टरची एक पावती तर एकाची.

मला विचाराल तर यातही पळवाट आहे. डॉक्टरसाहेबांचे पन्नास हजार उद्या एक हजार पावत्यांत फाडतील, मतदार यादी समोर ठेवून. पण पावतीवर घर क्रमांक आणि सही घ्या, आणि यादी भिंतीवर लावा. मग ताईंसारखं होईल. माझ्या नावाने पावती फाटलेली मी वाचली की मी बोंबलणार.

भिंतीवर लावणं हे काही उपकार नव्हेत बरं. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4(1)(ख), बारावा मुद्दा: अनुदान कार्यक्रम, वाटलेल्या रकमा आणि लाभधारक हे कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायचं असतं.

कलमबहाद्दर

सगळे पैसा कसा मोजायचा ते बोलताहेत, ठरवणार कोण ते सांगा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29अ मध्ये प्रभाग समितीत नगरसेवकांखेरीज जास्तीत जास्त तीन सदस्य वस्तीत काम करणाऱ्या मान्यताप्राप्त बिगरसरकारी आणि लोकाधारित संस्थांमधून घ्यायची तरतूद आहे. त्यांच्याकडे द्या हे काम.

इतवारीवाला

आणि त्या तिघांना नेमते कोण, ते वाचलं नाही वाटते. नगरसेवकच. चपला त्याच, फक्त घराऐवजी झोन ऑफिससमोर.

कलमबहाद्दर

नेमणूक नगरसेवक करतात हे खरं. पण त्याच प्रभागातला मतदार असावा लागतो, आणि बैठकीचं इतिवृत्त राहतं. घरासमोरच्या चपलांचं इतिवृत्त नसतं. शिवाय त्या तिघांच्या स्वतःच्या संस्थांनी त्या वर्षी अर्ज करायचा नाही, एवढी अट घातली तरी पुरे.

वाचनालय चालवतो

तशी अट घातली तर समितीत येईल कोण? ज्याला काही नको असा संस्थाचालक मी तरी अजून पाहिला नाही. मीही नाही त्यातला.

इतवारीवाला

खामलेकर, तुम्ही हे निवेदन देणार म्हणे. द्या. माझी सही त्यावर येणार नाही. पण पावत्यांची यादी भिंतीवर लावायचा मुद्दा वर घ्या, दुसरं काही झालं नाही तरी तेवढं होऊ द्या. आमच्या गल्लीत भिंत आहे. झाकण नाही, पण भिंत आहे.

खामलेकर

रविवारी सकाळी बसून मसुदा करतो, सोमवारी इथेच टाकतो. दोन मुद्दे अडलेत: वरची मर्यादा किती, आणि वर्गणी न काढणाऱ्या गटांचं काय, म्हणजे रात्रीचं अन्न वाटणारे वगैरे. त्यांच्याकडे पावती कोण फाडणार, जेवणारा?

पारडीची ताई

त्यायच्यासाठी जेवनाऱ्यालेच इचारा. तो सांगते बरोबर, कोन रोज येते अन् कोन फोटोपुरता.

अन् फारम मराठीत ठेवजा जी. सहीच्या बाजूले अंगठ्याले जागा सोडजा, मांगच्या वेळी चौकट लय लहान होती, दोन अंगठे एकावर एक आले.