मास इफेक्ट: पहिला भाग सोडून सरळ दुसऱ्यापासून धरू का?

रात्रपाळी
सेलमध्ये मास इफेक्ट या व्हिडिओ गेमची लीजेंडरी एडिशन (नव्यानं सुधारलेली आवृत्ती) घेतली, तिन्ही भाग एकत्र. पहिला सुरू करून सिटाडेल या अंतराळस्थानकापर्यंत पोचलोय आणि इन्व्हेंटरीनं, म्हणजे जवळच्या सामानाच्या यादीनं, डोकं उठवलंय. एकाच रायफलचे रोमन आकड्यांतले प्रकार, चिलखतं, गोळ्यांचे अपग्रेड, सगळं एका लांबलचक यादीत. मित्र म्हणतो, दुसऱ्या भागात ही कटकटच नाही, तिथूनच सुरू कर. जाणकारांनी सांगा. पात्राचा क्लास (प्रकार) व्हॅनगार्ड घेतलाय.

चहा_आणि_चेकपॉइंट
सोडू नका हो. पहिल्यातले निर्णय सेव्हबरोबर पुढे जातात, निम्मी मजा त्यातच आहे. साईड मिशन गाळा हवं तर.

ओव्हरहीट
मित्राचं अर्धंच खरं. २०१० च्या दुसऱ्या भागात बायोवेअरनं (खेळ बनवणारी कंपनी) इन्व्हेंटरी दुरुस्त नाही केली, मुळासकट उपटली. आधी १५० वस्तू भरल्या की त्या मोडून ऑम्नी-जेल करत बसायचं. नंतर मोजक्या बंदुका आणि मॉड (बंदुकीला लावायचे सुटे भाग) गायब. तुमच्या आवृत्तीत निदान भंगारावर खूण करून सगळं एकदम विकता येतं. २००७ ला एक्सबॉक्स ३६० वर ही सोय नव्हती.

गोळीबार मात्र दुसऱ्यात खरंच सुधारला. मूळ पहिल्या भागात नेम तुम्ही धरायचा आणि गोळी कुठे जाणार ते कौशल्याचे पॉइंट ठरवणार. स्नायपरची दुर्बीण तर प्यायल्यासारखी डोलायची. पण त्याच दमात बंदूक तापण्याची पद्धत (गोळ्या अमर्याद, फक्त तापली की थांबायचं) काढून थर्मल क्लिप आणल्या. म्हणजे काडतुसंच की, नाव तेवढं भारी! शिवाय सोबती जेकबच्या मोहिमेत दहा वर्षं एका ग्रहावर अडकलेल्या लोकांच्या छावणीतही क्लिप पडलेल्या दिसतात. त्यांचं जहाज पडलं तेव्हा या क्लिप निघाल्याच नव्हत्या. मला ते अजून खुपतं.

खरी अक्कल दिसते ती २०१२ च्या तिसऱ्यात. मॉड परत आले, कुठलीही बंदूक कुठल्याही क्लासला खुली झाली, पण प्रत्येकीला वजन. जास्त लादलंत की पॉवर (खास शक्ती) पुन्हा उशिरा तयार होणार. एकच हलकं पिस्तूल ठेवलंत तर रिचार्जला +२००% पर्यंत बोनस. दुसऱ्या भागात क्लासवर बंदी घालून जे साधत होते, ते इथे तुमच्या निवडीवर सोडलं.

मधुरा_नॉर्मंडी
ओव्हरहीटराव, तापण्याचं कौतुक पुरे. पहिल्या भागात स्पेक्टर रायफलला फ्रिक्शनलेस मटेरियल्स हे तापणं कमी करणारे दोन अपग्रेड लावले की ट्रिगरवरचं बोट काढावंच लागत नव्हतं. त्यापेक्षा क्लिप बऱ्या, निदान आडोसा सोडून पुढे तरी जावं लागतं.

आणि माकोबद्दल, पहिल्यातल्या ग्रहांवर फिरायच्या गाडीबद्दल, कोणीच बोलत नाहीये? मूळ खेळात गाडीतून मारलं तर एक्सपी (अनुभवाचे गुण) कमी मिळायचे. म्हणून तोफेनं गेथ (यंत्रमानव शत्रू) अर्धमेला करायचा, खाली उतरायचं आणि पिस्तुलानं संपवायचा. लीजेंडरीत ती कपात काढली, गाडीला वजन दिलं, शील्डही लवकर भरतं. दुसऱ्या भागात गाडीऐवजी काय मिळालं, तर ग्रहावर कर्सर फिरवत बसणं आणि एलिमेंट झीरो या खनिजासाठी प्रोब सोडणं. ती सुधारणा असेल तर राहू दे बाई.

ओव्हरहीट
प्रोबचं मान्य. क्लिपचं नाही.

रात्रपाळी
म्हणजे पहिलाच पुढे रेटतो. पण व्हॅनगार्डला काही दमच वाटत नाहीये, आडोशामागून शॉटगन मारणं एवढंच.

ओव्हरहीट
कारण व्हॅनगार्डची चार्ज ही पॉवर पहिल्यात नाहीच, ती दुसऱ्यात येते. तिसऱ्यात तिला नोव्हा जोडतात. चार्जनं शत्रूच्या अंगावर आदळलात की बॅरिअर (संरक्षक कवच) भरतो, नोव्हा तोच बॅरिअर खर्चून आजूबाजूच्यांना उडवते, तोवर चार्ज पुन्हा तयार. वजन कमी असेल तरच ही साखळी जमते. जड शॉटगनचा मोह धरलात की नोव्हानंतर उघड्यावर, बॅरिअर शून्य, आणि समोर ब्रूट हा धिप्पाड शत्रू.

चहा_आणि_चेकपॉइंट
मालिकेतल्या पुढच्या अँड्रोमेडा खेळाचं पण सांगा की. जेटपॅक मस्त आहे त्यात.

मधुरा_नॉर्मंडी
२०१७ चा तो. उड्या मस्तच, पण एका वेळी तीनच पॉवर आणि सोबत्यांच्या पॉवर आपल्या हातात नाहीत. आधी तिन्ही संपवा, मग वेगळा धागा काढा. रात्रपाळी, नोव्हेरिया ग्रहावर जाण्याआधी लियारा या सोबतिणीला संघात घ्या मात्र.